पंपवाला कोण?

माझ्या गाडीत एक जपानी बाई राहते. किल्ली फिरवली की ती अत्यंत अदबीने एक वाक्य बोलते आणि गप्प होते. गाडी घरी आणली त्या दिवशी बायकोने विचारलं, "ही कोण?" मला तरी कुठे ठाऊक होतं! पुढे कळलं की टोलचं कार्ड घातलेलं नाही, एवढंच ती सांगते. जपानमधून न्यूझीलंडला येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये टोलचं ते यंत्र तसंच राहून जातं. ऑकलंडमध्ये त्या कार्डाला काडीची किंमत नाही, पण बाईंनी ड्यूटी सोडलेली नाही. रेडिओचीही तीच गत. तो जुना जपानी एफएम ७६ वर सुरू होऊन ९० वर संपतो, त्यामुळे इथली बहुतेक स्टेशनं त्याच्या लेखी जन्मलेलीच नाहीत. हे सगळं मी चालवून घेतलं. डबा मात्र चालवून घेता येईना.

डबा म्हणजे ईसीयू, इंजिनाचा कॉम्प्युटर. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे तो ठरवतो. माझी गाडी १९९३ सालची माझ्दा आरएक्स-७. कंपनीने तिला दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे पंखे, दिले होते. आधीच्या मालकाने ते काढून एकच, पातेल्याएवढा टर्बो बसवला, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे केले आणि कंपनीच्या डब्याच्या जागी कुठलातरी दुसरा डबा लावला. त्या डब्यात ज्याने आकडे भरले, त्या ट्यूनरने त्याला पासवर्ड घातला. आपली विद्या कोणी चोरू नये म्हणून. तो ट्यूनर आता पार दक्षिणेला साउथलंडमध्ये गायी पाळतो. मी नंबर मिळवून फोन केला. त्याला गाडी आठवत होती, तिचा रंग आठवत होता, आधीच्या मालकाने बुडवलेले पैसे तर चांगलेच आठवत होते. पासवर्ड आठवत नव्हता. मागून एक गाय हंबरली आणि फोन संपला.

डबा पुसून पुन्हा भरता आला असता, पण त्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालणारं आणि कंपनीने कधीच सोडून दिलेलं. तोवर गाडी पेट्रोल प्यायची कमी आणि चुळा भरायची जास्त. मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. सिग्नलला मागची गाडी आपण होऊन दोन गाड्यांचं अंतर ठेवायची. तेव्हा नवा डबा घ्यायचा हे ठरलं. कुठला, हे ठरायला पाच महिने लागले.

त्यातच बाबा तीन महिन्यांसाठी आले. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. विमानतळावरून येताना आई सुनेच्या गाडीत सामानाबरोबर बसली, बाबा माझ्याबरोबर. जपानी बाईने स्वागत केलं. बाबांनी तिला नमस्कार केला आणि मुद्द्यावर आले.

"अॅव्हरेज काय देते?"

"चार."

"शंभरला चार लिटर? वा!"

"नाही बाबा. लिटरला चार किलोमीटर."

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं तर आमची एसटी देते. चव्वेचाळीस माणसं घेऊन."

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं. बाबा हात मागे बांधून वाकले. हेड कुठंय, विचारलं. नाही म्हटलं. व्हॉल्व्ह? नाहीत. कॅमशाफ्ट? नाही. पिस्टन? पिस्टनही नाही. बाबा सरळ उभे राहिले. "मग घेतलंस काय?"

रोटरी इंजिन एकतीस वर्षं डिझेलमध्ये घालवलेल्या माणसाला समजावणं सोपं नाही. आईने शेंगा उकडल्या होत्या. दोन दाण्यांची एक शेंग उभी चिरून मी बाबांपुढे धरली. आतल्या पोकळीचा आकार असा, कमरेत किंचित दबलेला. त्यात पानाच्या त्रिकोणी विड्यासारखा फुगीर कडांचा रोटर गरगर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांवर एकेक पट्टी, ती शेंगेच्या आतल्या भिंतीला घासत जाते. विड्याची एक बाजू हवा-पेट्रोल ओढते, दुसरी दाबते, तिसरी जळका वायू बाहेर ढकलते, सगळं एकाच वेळी. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची ही कल्पना. जपान्यांनी ती घेतली तेव्हा पट्ट्या थरथरून आतल्या भिंतीवर ओरखडे पडायचे. त्यांना ते सैतानाची नखं म्हणायचे. त्या नखांमागे यामामोतो नावाच्या साहेबाच्या हाताखाली सत्तेचाळीस इंजिनियर लागले आणि १९६७ साली गाडी बाजारात आली.

"सत्तेचाळीस जण एका पट्टीला," बाबा म्हणाले. "आमच्याकडं सत्तेचाळीस गाड्यांना एक जण होता." शेंग त्यांनी खाऊन टाकली. "सीसी किती?"

"एकात ६५४, असे दोन. १३०८."

"म्हणजे मारुती एस्टीम!"

ही तुलना मी आजवर कुठल्याही रोटरीवाल्यासमोर केलेली नाही, करणारही नाही.

खरा घोळ पुढेच आहे. साध्या इंजिनात ठिणगी चुकली तर ते खडखडतं, कुरकुरतं, तुम्हाला सुधारायला वेळ देतं. रोटरीत तसं नाही. टर्बो जोरात असताना पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगी लवकर पडली की आत धाडकन स्फोट होतो आणि ती टोकाची पट्टी मोडते. एकदा, फार तर दोनदा. मग इंजिन उतरवायचं. त्यातून एकेका रोटरला दोन-दोन प्लग, एक आधी पेटणारा आणि एक मागून. दोघांत अंतर किती ठेवायचं हेही डब्यानेच सांगायचं. शिवाय त्या पट्ट्यांना तेल लागतं. कंपनीने त्यासाठी कॉम्प्युटरच्या हुकमाने थेंब थेंब सोडणारा एक पंप दिलेला असतो. आधीच्या मालकाने तोही काढून टाकला होता. त्यामुळे मी पेट्रोल भरताना लिटरमागे दहा मिलिलिटर टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं तेल, टाकीत ओततो.

बाबांचा चेहरा प्रथमच उजळला. "अरे, म्हणजे लुनाच की!"

तर अशा या लुनेसाठी मी एक्सेल शीट केली होती. ऑफिसात मी व्हेंडर निवडण्याचंच काम करतो, त्यामुळे शीटला तेवीस कॉलम होते आणि प्रत्येकाला वेटेज. बायकोने एकदा वाकून बघितलं. "मुलीची शाळा निवडताना किती कॉलम होते?" शाळा घराच्या झोनप्रमाणे मिळते, तिथे निवडायचं काय, असं मी म्हणालो. घर निवडताना किती कॉलम होते, असं तिने विचारलं. मी लॅपटॉप मिटला.

शीट रोज बदलायची, कारण रोज कोणीतरी भेटायचं. न्यूझीलंडमध्ये रोटरीवाल्यांना तोटा नाही. मॅड माइक व्हिडेट रोटरी गाड्या आडव्या पळवत जगभर फिरतो तो इथलाच, आणि त्याला आपण ओळखतो असं सांगणारा माणूस मला दर पेट्रोलपंपावर भेटलाय. डबा म्हटलं की यांचे दोन तट पडतात. लिंकचा डबा ख्राइस्टचर्चचा, म्हणजे घरचा. हॅल्टेकचा सिडनीचा. दोन्ही उत्तम, दोन्ही रोटरी जाणणारे, आणि ऑस्ट्रेलियन मंडळी तर रोटरीसाठी जीव टाकतात. पण माझा शेजारी मला कुंपणावरून म्हणाला, "ज्यांनी सरपटी चेंडू टाकला, त्यांच्याकडून तू कॉम्प्युटर घेणार?" १९८१ साली मेलबर्नला शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा हव्या असताना ऑस्ट्रेलियाच्या ट्रेव्हर चॅपेलने तो टाकला होता. शेजारी तेव्हा नऊ वर्षांचा होता. मी एक चोविसावा कॉलम वाढवला: देशभक्ती. मग स्वतःचीच लाज वाटून वेटेज शून्य ठेवलं.

मेलबर्नचा मोटेक होता. तो शर्यतीवाल्यांचा. त्याची किंमत मी बायकोसमोर मोठ्याने वाचली नाही. जपानी अॅपेक्सीचा पॉवर एफसी होता, मूळ कनेक्टरला सरळ बसणारा, हातात धरायच्या छोट्या पडद्यासकट. पण तो जुन्या जमान्यातला आणि माझ्या वायरींच्या जुडग्यात मूळ कनेक्टर उरलाच कुठे होता? मेगास्क्वर्ट होता, सुटे भाग आणून स्वतः सोल्डर करून जुळवायचा. तो घेतलेला एक सज्जन मला भेटला. त्याची गाडी तीन वर्षं चाकं काढून लोखंडी घोड्यांवर उभी होती आणि तो परमसुखी होता, कारण त्याला गाडीपेक्षा सोल्डरिंग आवडत होतं. आणि एक दाढीवाले आजोबा होते. ते माझं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच शब्द बोलायचे: "कार्बोरेटर."

जानेवारीत आईला ऊन दिसलं. ऑकलंडचं उन्हाळ्यातलं ऊन असं चटकतं की आईने पहिल्याच आठवड्यात कुरडयांचा चीक शिजवला. गच्ची नाही, मागे लॉन ओलं, तेव्हा घरासमोरचा काँक्रीटचा उतार तिने मुक्रर केला. तिथे गाडी होती. मी ऑफिसात होतो. बाबांनी किल्ली घेतली, गाडी सुरू केली, बारा फूट मागे घेतली आणि बंद केली.

थंड रोटरी इंजिन सुरू करून लगेच बंद करणं म्हणजे काय, हे रोटरीवाल्याला सांगावं लागत नाही. पेट्रोल आत साचतं, प्लग भिजतात, आणि पुन्हा स्टार्टर मारावा तेवढं आणखी पेट्रोल आत येतं. त्यातून माझ्या डब्याचा हात मुळात सैल. संध्याकाळी मी येऊन किल्ली फिरवली तेव्हा जपानी बाई बोलली, इंजिन बोललं नाही. पुढे कुरडया, मागे कुंपण, मध्ये गाडी.

"प्लग काढ," बाबा म्हणाले. अख्ख्या प्रकरणात प्रथमच त्यांच्या ओळखीची गोष्ट आली होती. चारही प्लग निघाले, काळे आणि ओलेचिंब. इंधनाचा फ्यूज काढून मी स्टार्टर मारला, तसं प्लगच्या भोकांतून पेट्रोलचे फवारे उडाले. आईने कुरडयांवर धोतर टाकलं. प्लग घेऊन बाबा कुठे गेले ते कळेना. मग स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "बाबा, हे काय करताय?" बाबा गॅसपाशी उभे होते. फडक्याने कोरडे केलेले प्लग त्यांनी चिमट्यात धरून, भरताच्या वांग्यासारखे फिरवत फिरवत, मंद आंचेवर भाजायला घेतले होते. आमच्या चेतकचा प्लग पावसाळ्यात ते असाच भाजायचे. त्या वासाने मी एकदम सातवीत गेलो.

गरम प्लग लावले. तिसऱ्या दमात इंजिन धडधडलं आणि पांढऱ्यानिळ्या धुराने घर, कुंपण, शेजारी आणि कुरडया सगळं दिसेनासं झालं. धूर निवळला तेव्हा बाबा गाडीला कान लावून उभे होते. "चांगलं आहे इंजिन," ते म्हणाले. "उगाच बिचाऱ्याला बुडवतोयस." (त्या कुरडया आम्ही तळल्या. टू-टीचा किंचित वास होता. आईने तो कोणालाही मान्य करू दिला नाही.)

रात्री मी त्यांना एक्सेल शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून तेवीस कॉलम वाचले, चोविसावाही वाचला. मग विचारलं, "हे आकडे आत भरणार कोण?"

"ट्यूनर. रोलरवर गाडी चढवून, मीटर बघत."

"म्हणजे पंपवाला!" डिझेलचा पंप बिघडला की तो कॅलिब्रेशनला जातो, टेबलावर चढवून प्रत्येक नळीत किती डिझेल पडतं ते नळकांड्यांत मोजतात, आणि ते करणारा हात प्रत्येक गावात एखादाच असतो. "पंप माईकोचा का आणखी कुणाचा, ते आम्ही नंतर बघायचो. आधी पंपवाला कोण ते विचारायचो. तू पंपवाल्याला विचारलंस?"

पाच महिन्यांत मी सगळ्यांना विचारलं होतं. सोल्डरवाल्याला, दाढीवाल्याला, कुंपणावरच्या शेजाऱ्याला. पंपवाल्याला नाही.

दक्षिण ऑकलंडमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तो भेटला. मी शीट छापून नेली होती. त्याने ती घेतली आणि तिच्यावर चहाचा मग ठेवला. मग गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून वायरींचं जुडगं बघितलं आणि म्हणाला, "येऽ, नाऽ." न्यूझीलंडमध्ये हो आणि नाही हे एकाच श्वासात म्हणतात आणि अर्थ तुमच्या नशिबावर सोडतात. मी दोन तासांत त्यातून एवढं काढलं: वायरिंग सगळं नव्याने करावं लागेल. पेट्रोल-हवेचं प्रमाण मोजणारा चांगला सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसवावा लागेल. पेट्रोल कमी पडलं की इंजिनाचा जोर आपणहून तोडणारी सोय डब्यात हवीच, बाकी वीस सोयी मी कधी वापरणार नाही. डबा त्याने ख्राइस्टचर्चचा सांगितला.

"का?" मी विचारलं. उत्तरात काहीतरी तांत्रिक असेल म्हणून वही काढली.

"तो मला येतो."

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोठेपणा.

सहा आठवड्यांनी गाडी रोलरवर चढली. पट्ट्यांनी आवळलेली, पुढे घोंघावणारा पंखा, ट्यूनरच्या मांडीवर लॅपटॉप. बाबांनी कानात बोळे घालायला नकार दिला. एकेक खेप झाली की ट्यूनर चौकोनांतले आकडे बदलायचा आणि बाबा एक्झॉस्टचा वास घेऊन मान हलवायचे किंवा नाही हलवायचे. तिसऱ्या खेपेपासून ट्यूनर आधी पडद्याकडे आणि मग बाबांकडे बघायला लागला. शेवटी त्याने हॉर्सपॉवरचा आकडा सांगितला. मी टाळी वाजवली.

"अॅव्हरेज विचार," बाबा म्हणाले.

मी विचारलं. ट्यूनर म्हणाला, "येऽ, नाऽ."

बिल देताना त्याने विचारलं, आकड्यांना पासवर्ड घालू का? हे आकडे त्याची मेहनत होती, घालणं रास्त होतं. पण मला ती हंबरणारी गाय आठवली. मी म्हटलं, घाल, पण मला सांग. त्याने एका कागदावर लिहून दिला. घरी येईपर्यंत तो कागद हरवू नये म्हणून बाबांनी गाडीतच, डॅशबोर्डखाली डोकं घालून, पिवळी चिकटपट्टी डब्यावर चिकटवली आणि मार्करने ठळक, एसटीच्या पाटीसारख्या गोल अक्षरात पासवर्ड लिहून टाकला. देवनागरीत. त्याखाली एक रेघ मारून लिहिलं: "टू-टी ऑइल लिटरमागे १० मिली. थंड असताना सुरू करून लगेच बंद करू नये."

ट्यूनरने वाकून बघितलं. मग बाबांचा मार्कर मागून घेतला आणि खाली आपला फोन नंबर लिहिला.