परवा दिंडी आणि आज नवे बूट?

आज रत्नागिरीत चपलांच्या दुकानात विशीतला एक पोरगा बूट घालून बघत होता. परवा दिंडीबरोबर पंढरपूरला निघतोय. अंगठा पुढे टेकतोय हे दिसत होतं, तरी दुकानदार म्हणतो, "चालायला लागलास की सैल होतील." सोबतचे काका म्हणाले, "माउली नेतात रे, बुटांचं काय घेऊन बसलास!"

डोकंच फिरलं. माउली नेतात, पण आंबा घाट पायांनीच चढायचा असतो ना?

दिवसभर चालून पाय फुगतो. म्हणून पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर नख काळं पडून निघतं. नवा बूट आधी दोन-तीन आठवडे रोज डांबरावर चालवायचा. भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत चालणं म्हणजे सराव नव्हे. त्यात आपला पाऊस! बंद बुटात पाणी शिरलं की दिवसभर निघत नाही, कातडी पांढरी पडून मऊ होते आणि मग नुसत्या घासण्याने फोड येतो. आपल्याकडे मागे पट्टा असलेली, रबरी तळाची जुनी सँडलच बरी. स्लीपर नको, बोटं आवळून धरावी लागतात आणि पोटऱ्यांत गोळे येतात.

अनवाणी जाणारे आहेत, मान्य. पण जन्मभर शेतात राबलेल्याचा तळवा आणि ऑफिसात बसणाऱ्याचा तळवा एक नाही.

मोजे सुती नकोत, भिजले की वाळत नाहीत. सिंथेटिकचे तीन जोड घ्या: एक पायात, एक पिशवीला पिनेने वाळत, एक फक्त रात्रीसाठी. हा तिसरा भिजू द्यायचाच नाही. रात्री बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, नाहीतर चिखल्या झाल्याच म्हणून समजा. सकाळी टाचेला, बोटांना व्हॅसलीन. कुठे चुरचुरलं तर तिथेच थांबून, पाय कोरडा करून चिकटपट्टी लावा. पुढच्या मुक्कामापर्यंत फोड थांबत नाही. आलाच तर वरची कातडी सोलू नका. मधुमेह असेल तर सुई लावू नका, डॉक्टरकडे जा.

अंथरूण दिंडीच्या ट्रकमध्ये टाका. पाठीवर चार-पाच किलोच, तेही आतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, कारण वरच्या कव्हरातून पाठीकडून पाणी झिरपतंच.

पहिल्या दिवशी जोर असतो आणि तिथेच सगळे फसतात. त्या दिवशी हातखंब्यापर्यंत चाला, फार तर पालीपर्यंत, बस्स. तासाला दहा मिनिटं बसा, पायातलं काढून. घाटात पावलं लहान टाका, बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे.

काकांवर राग नाही आता. त्यांचा भाव खरा आहे, पण घाटाच्या अलीकडे साखरप्याला टाचा सोलवटल्या की पोरगा ट्रकमध्ये बसणार आणि मनाला लावून घेणार. दुकानात हे बोलायला हवं होतं. बाळा, वाचत असशील तर ते बूट उद्या परत कर. तुझ्या पायात जुनी सँडल होती, तिचा फक्त पट्टा सुटायला आलाय. चांभाराकडून दुहेरी शिवून घे आणि तीच घालून नीघ.