‘दोर काय, कुणीही वळतो’ म्हणणाऱ्या वाचकास

दोर वळण्याच्या जागांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘दोर काय, गुराखीही वळतो, त्यात कसली कला? पुण्यात बसून गावाचे उमाळे काढू नका. नायलॉन स्वस्त आहे, टिकतो. सीमाभागाचे खरे प्रश्न लिहा.’ मत वेगळं असायला माझी हरकत नाही. पण सूर असा, की जणू मी कुणाला फसवलंय. अनोळखी माणसाशी असं बोलायची आपल्या भागात रीत नाही.

नायलॉन पावसात कुजत नाही, हे मान्य.

पण ‘गुराखीही वळतो’? गुराखी मांडीवर घासून हातभर सुतळी वळतो, तेवढ्यानं विहिरीतून बैलांनी पाणी ओढायच्या मोटेचा जाड दोर, म्हणजे नाडा, होत नाही. अंबाडी, जिच्या पाल्याची पुंडीची भाजी होते तीच, कापून पेंढ्या बांधायच्या आणि ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या. लवकर काढली तर साल सुटत नाही, उशीर झाला तर वाखच, म्हणजे सालीचा धागाच, कुजतो आणि दोरात दम राहत नाही. नेमकी वेळ माझी आजी काडी मोडून, साल ओढून सांगायची.

मग वळणं. एकानं पीळ द्यायची भिंगरी फिरवायची, दुसऱ्यानं कमरेला वाख गुंडाळून तो सोडत मागं मागं चालायचं. पेडाला पीळ एका अंगानं, आणि तीन पेड एकत्र करताना उलट्या अंगानं. दोन्ही पीळ एकमेकांना धरतात म्हणून दोर उकलत नाही. वळता वळता दोर आखडतो, म्हणून पलीकडच्या टोकाचा माणूस ताण राखून पावलापावलानं पुढं सरकतो. त्याचा हात सैल पडला की तिथं पीळ ढिला राहतो, आणि मोट भरून वर येताना नाडा तिथंच तुटतो. हे गुराख्याला जमतं म्हणता?

याला लांब, सरळ, सपाट जागा लागते, आणि सावली, कारण कडक उन्हात वाख ठिसूळ होतो. बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यामागं चिंचांखाली अशी पट्टी होती. आता तिथं घरं आहेत. लेख त्या पट्टीबद्दलच होता. तो पुरता वाचलात का?

राहिलं पुणं. मी नोकरीसाठी इथं आहे, पण जन्म मातंगाच्या घरातला. कर्नाटकी बेंदराच्या, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला येणाऱ्या बैलांच्या सणाच्या आधी आमच्या घरी रात्री जागून कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या वळल्या जायच्या. मराठी आणि कानडी, दोन्ही बोलणारे शेतकरी दारात थांबायचे. त्याचं बलुतं मात्र सुगीला खळ्याच्या कडेला उभं राहून मागावं लागायचं. वडिलांच्या तळहातांवरचे घट्टे मी हात लावून पाहिलेत. त्याला तुम्ही उमाळे म्हणता? गुराख्याला मी कमी लेखलेलं नाही. तुम्ही त्यालाही कमी लेखलंत आणि आम्हालाही.

सीमाप्रश्नावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्हीही लिहा, मी वाचेन. पण इथं पुन्हा काही लिहायचं असेल तर आधी लेख शेवटपर्यंत वाचा, आणि माझ्या माणसांबद्दल नीट बोला.