१९ टक्के परिणामकारकता म्हणजे शंभरात ८१ जणांना फ्लू नव्हे

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने प्रसिद्ध केलेले फ्लूच्या लशीचे आकडे एकाखाली एक मांडणारा एक मजकूर सध्या मराठीत मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो आहे. लशीची परिणामकारकता २००४-०५ मध्ये १० टक्के, २०१०-११ मध्ये ६०, २०१४-१५ मध्ये १९ आणि २०१८-१९ मध्ये २९. हे आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेल्या चार निष्कर्षांपैकी तीन मात्र साफ चुकीचे आहेत आणि एक अर्धवट खरा आहे.

पहिला निष्कर्ष असा की, १९ टक्के म्हणजे लस घेतलेल्या शंभर जणांपैकी ८१ जणांना फ्लू झाला. परिणामकारकता हा तुलनेचा आकडा आहे. लस न घेतलेल्यांच्या मानाने लस घेतलेल्यांचा धोका किती कमी झाला, एवढेच तो सांगतो. समजा, एखाद्या हंगामात लस न घेतलेल्या १०० जणांपैकी १० जणांना फ्लू झाला. लस ४० टक्के परिणामकारक असेल, तर ती घेतलेल्या तशाच १०० जणांपैकी ६ जणांना तो होईल, आणि १९ टक्के असेल तर साधारण ८ जणांना. दहाचे आठ होणे ही निराशाजनक कामगिरी आहे, हे मान्यच करायला हवे. पण ८१ जण आजारी पडले असे सांगणे म्हणजे लोकांना घाबरवणे आहे.

दुसरा मुद्दा अर्धवट खरा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबावे लागेल. लस घेणारे लोक मुळातच स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेणारे असतात, त्यामुळे त्यांची इतरांशी तुलनाच खोटी ठरते, असा हा आक्षेप आहे. जुन्या अभ्यासांना तो पुरेपूर लागू होता. अमेरिकेतील सिएटलच्या संशोधकांनी ६५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये दाखवून दिले की, लस घेतलेल्यांमधील मृत्यूंचे प्रमाण फ्लूचा हंगाम सुरू होण्याच्या आधीच कमी होते, आणि हा फरक हंगामातल्या फरकापेक्षाही मोठा होता. फ्लूची साथ आलेलीच नसताना दिसणारा फायदा लशीचा असू शकत नाही. तो मुळात धडधाकट असलेल्या माणसांनी लस घेतल्याचा परिणाम होता.

हाच दोष टाळण्यासाठी आज टेस्ट-निगेटिव्ह नावाची पद्धत वापरतात. ताप-खोकला घेऊन दवाखान्यात आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नाका-घशातला स्वॅब घेऊन त्याची आरटी-पीसीआर चाचणी करतात आणि त्याने त्या हंगामात लस घेतली होती का, याची नोंद पडताळतात. समजा, चाचणीत फ्लू निघालेल्या २०० जणांपैकी ६० जणांनी लस घेतलेली होती आणि १४० जणांनी नव्हती. तर फ्लू न निघालेल्या, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या विषाणूने आजारी पडलेल्या ३०० जणांपैकी १५० जणांनी घेतली होती आणि १५० जणांनी नव्हती. पहिल्या गटात ६० भागिले १४०, म्हणजे ०.४३, दुसऱ्यात १५० भागिले १५०, म्हणजे १. या दोहोंचे गुणोत्तर ०.४३ येते, ते एकातून वजा केले की परिणामकारकता ५७ टक्के निघते. दोन्ही गटांतली माणसे खोकला झाल्यावर डॉक्टरकडे जाणारीच असल्यामुळे काळजी घेण्याच्या सवयीतला फरक बराचसा गळून पडतो. वय, जुने आजार आणि आजारपणाची तारीख यांचा हिशेब त्यानंतर वेगळा केला जातो. ही पद्धत निर्दोष नाही. आधीच्या वर्षी घेतलेल्या लशीचा प्रभाव वेगळा काढणे तिलाही जड जाते. पण आक्षेप घेणाऱ्यांनी निदान आजच्या पद्धतीवर घ्यावा.

लस घेऊनही मला फ्लू झालाच, ही तक्रारही अशा चाचणीनेच तपासून पाहता येते, कारण ताप आणि खोकला आणणारे विषाणू अनेक आहेत आणि चाचणीशिवाय ते ओळखता येत नाहीत.

आकडा दरवर्षी इतका हलतो म्हणजे मोजणीच भरवशाची नाही, हा तिसरा निष्कर्ष. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. २००४-०५ चा १० टक्के हा आकडा विस्कॉन्सिन राज्यातल्या केवळ ७६२ रुग्णांवरून काढलेला होता आणि त्याची मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पल्ल्यात असू शकतो तो पल्ला, उणे ३६ पासून ४० टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. म्हणजे त्यावरून ठामपणे काहीच सांगता येत नव्हते. २०१४-१५ चा १९ टक्के हा आकडा मात्र पाच राज्यांतल्या ९ हजारांहून अधिक रुग्णांवरून आला आणि त्याची मर्यादा १० ते २७ होती. त्या वर्षी मोजणी चुकली नव्हती. विषाणू बदलला होता. उत्तर गोलार्धाच्या लशीतले प्रकार जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत सुचवते, कारण उत्पादनाला सहा महिने लागतात. त्यानंतर एच३एन२ या फ्लूच्या एका विषाणूचा वेगळा प्रकार पसरला आणि लस त्याच्याशी जुळेना. एकाच हंगामातही आकडा एकसारखा नसतो: २०१७-१८ मध्ये एकूण ३८ टक्के परिणामकारकतेच्या पोटात एच१एन१ विरुद्ध सुमारे ६२ आणि एच३एन२ विरुद्ध अवघे २२ टक्के, असे दोन अगदी भिन्न आकडे होते. एच३एन२ लशीसाठी कोंबडीच्या अंड्यात वाढवताना स्वतःच थोडा बदलतो, ही या लशीची जुनी अडचण आहे.

आकडे लस खपवण्यासाठी काढले जातात, या चौथ्या दाव्याला घडलेल्या घटनाच उत्तर देतात. ३ डिसेंबर २०१४ रोजी, हंगाम ऐन भरात येण्याआधी, सीडीसीने डॉक्टरांना जाहीर सूचना पाठवली की, तपासलेल्या ८५ एच३एन२ विषाणूंपैकी ५२ टक्के लशीतल्या प्रकाराहून वेगळे निघाले आहेत. २०१५-१६ मध्ये २ ते १७ वयोगटात नाकात फवारण्याच्या लशीची परिणामकारकता ३ टक्के, तर इंजेक्शनची ६३ टक्के आढळली. तेव्हा जून २०१६ मध्ये सीडीसीच्या लसविषयक सल्लागार समितीने पुढच्या हंगामात ही फवाऱ्याची लस वापरू नये, अशी शिफारस केली. हीच मोजणी नसती, तर ती लस मुलांना तशीच दिली गेली असती.

आपल्याकडे हे आकडे पाठवताना आणखी एक गोष्ट सुटते. ते अमेरिकेतल्या हिवाळी हंगामाचे आणि डॉक्टरकडे जावे लागलेल्या आजाराचे आहेत. रुग्णालयात दाखल होण्यापासून किंवा मृत्यूपासून मिळणारे संरक्षण वेगळे मोजावे लागते. महाराष्ट्रात फ्लूचे रुग्ण मुख्यतः पावसाळ्यात वाढतात, आणि त्या वेळी इथे फिरणारा प्रकार तिकडच्या हिवाळ्यातला असेलच असे नाही. त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या मधुमेही ज्येष्ठाने येत्या पावसाळ्याआधी लस घ्यावी की नाही, याचा निर्णय २०१४-१५ च्या १९ टक्क्यांवरून करता येत नाही. त्याने आपल्या डॉक्टरांना विचारायचे ते हे, की या वर्षीच्या लशीत कोणते प्रकार आहेत, सध्या इथे कोणता आढळतो आहे, आणि आपल्या वयाला व आजाराला फ्लूचा धोका किती आहे.