फिल तिकडं वाट बघत होता रे

काल रात्री धाकट्याचा मेसेज, "तायडे, नेव्हरलँडचा पहिला सीझन परत लावलाय, येतेस का कॉलवर?" आणि मी साडेअकराला, सकाळी ऑफिस असताना, हो म्हणलं. कारण काय सांगू, 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' ह्या जपानी ॲनिमेशन मालिकेचा, म्हणजे ॲनिमेचा, पहिला सीझन मी कितीही वेळा बघू शकते. दुसऱ्या सीझनवरचा राग मात्र एवढी वर्षं झाली तरी जात नाहीये, तो आज इथं काढते. स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत. ज्यांनी बघितलंच नाहीये त्यांनी पहिले बारा एपिसोड बघा आणि शांत झोपा, दुसरा सीझन निघालाच नाही असं समजा, सुखी राहाल.

आम्ही हे बघितलं लॉकडाऊनमध्ये, २०२० ला, सांगलीच्या घरी, माझ्या फोनवर, फोन स्टीलच्या डब्याला टेकवून. सीझन आला होता २०१९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये, आम्हाला कळलं उशिरा. भाऊ म्हणला कार्टून नाहीये, बघ तरी. आई मागं शेंगा सोलत बसलेली. पहिली दहा मिनिटं काय, अनाथाश्रम, हिरवंगार कुरण, पांढऱ्या कपड्यातली ३८ पोरं आणि त्यांची 'मामा' (म्हणजे आई) इझाबेला, सगळी एकत्र जेवतायत, पकडापकडी खेळतायत. आई म्हणाली, "बघ कशी शिस्त आहे पोरांना, शिका कायतरी." पुढच्या दहा मिनिटांत कॉनी नावाची चिमुरडी दत्तक जायला निघते, तिचं सशाचं बाहुलं विसरतं, ते द्यायला एमा आणि नॉर्मन गेटपर्यंत धावतात आणि तिथं ट्रकमध्ये कॉनी असते. छातीत फूल खोचलेली. आश्रम म्हणजे फार्म आहे, पोरं म्हणजे राक्षसांच्या ताटातलं जेवण आहे, आणि एवढी प्रेमळ मामा हा माल वाढवणारी बाई आहे. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या दिवसापासून ती रोज रात्री विचारायची, "ती बाई लावणार का आज?"

तर पहिल्या सीझनमध्ये भारी काय होतं? राक्षस नव्हेत. राक्षस आख्ख्या सीझनमध्ये दिसतात किती, हातावर मोजण्याइतके. खरी मारामारी होती चेहऱ्यांची. अकरा-बारा वर्षांची तीन पोरं (एमा, नॉर्मन आणि रे, हो, 'रे' हे नावच आहे) आणि एक बाई एकाच घरात राहतायत, दोन्हीकडच्यांना एकमेकांचा संशय आहे, आणि सगळ्यांनी सकाळी हसत हसत गुड मॉर्निंग म्हणायचंय. दिग्दर्शक मामोरू कान्बे यांनी काय केलंय तर मांगात, म्हणजे ज्या जपानी कॉमिकवरून हे बनलं त्यात, पोरांच्या डोक्यात चाललेले जे विचार पानंच्या पानं लिहिलेले आहेत ते बरेचसे काढून टाकले आणि त्याजागी नुसते कॉरिडॉर, दाराच्या फटी, घड्याळाची टिकटिक, कुणाच्यातरी खांद्यावरून बघणारा कॅमेरा ठेवला. आपण घाबरतो ते कुणीतरी आपल्याला बघतंय ह्याला.

आणि दुसरं म्हणजे तिथं कुणालाच काही फुकट मिळत नाही, हे माझं मेन म्हणणं आहे, सगळा राग इथूनच येतो. कानात ट्रॅकर आहे हे कळतं, ते बंद करायचं यंत्र रे कसं बनवतो, तर वर्षानुवर्षं मामासाठी हेरगिरी करून, बक्षीस म्हणून एकेक वस्तू मागून घेऊन. म्हणजे स्वतःच्या भावंडांना जाताना गप बघत बसून. एमा भिंतीजवळ गेली तर इझाबेला तिचा पाय मोडते, तोच प्रेमळ चेहरा ठेवून, आणि वर सांगते की नॉर्मनला नेतायत. नॉर्मन पळून जाऊ शकत असतो तरी परत येतो, कारण तो पळाला तर बाकीच्यांचा प्लॅन जातो. मग दोन महिने एमा हरल्याचं नाटक करते, आपल्यासमोरसुद्धा, आणि तिकडं बारकी पोरं गुपचूप तयारी करत असतात. रे स्वतःला पेटवून घ्यायला निघतो, त्याच्या बाराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, का तर ज्या मेंदूसाठी ह्यांनी मला वाढवलं तो तरी ह्यांना मिळू द्यायचा नाही. एमा त्याला थांबवते आणि स्वतःचा कान कापते. कपड्यांचे हँगर दोरीवर अडकवून दरी पार करतात पंधराजणं. हँगर! आमच्या आईनं दुसऱ्या दिवशी दोरीवरचे हँगर काढताना त्याच्याकडं असं बघितलं की भाऊ अजून चिडवतो तिला.

आणि मग ती दरीच्या काठावर केस सोडून उभी राहिलेली इझाबेला. तीही लहानपणी ह्याच भिंतीपर्यंत आली होती, दरी बघून परत फिरली होती. जे अंगाईचं गाणं ती गुणगुणते ते तिच्या लेस्ली नावाच्या मित्रानं बनवलेलं, आणि ते रेला पाठ असतं कारण रे तिचाच पोटचा मुलगा. ताकाहिरो ओबाता यांचं संगीत आहे, ती धून आजही कुठं वाजली की माझ्या पोटात गोळा येतो. आई त्या रात्री एवढंच म्हणाली, "तिला तरी काय करता आलं असतं." ज्या बाईला बारा एपिसोड शिव्या घातल्या तिच्यासाठी! अहो ह्याला म्हणतात लिखाण.

पण एक गोष्ट राहिली होती. चार वर्षांची आणि त्याच्या आतली सगळी पोरं मागं ठेवली होती, कारण एवढी बारकी पोरं घेऊन दरी पार करणं शक्यच नव्हतं. त्यातला फिल, वय वर्षं चार, त्याला सगळं माहीत होतं. तो एमाला म्हणतो मी थांबतो. चार वर्षांचं पोर. पहिला सीझन संपला तेव्हा माझ्यासाठी, आणि आईसाठी तर नक्कीच, दुसऱ्या सीझनचा एकच प्रश्न होता, फिलला कधी नेणार?

दुसरा सीझन यायचा होता २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, कोविडमुळं ढकलला, २०२१ च्या जानेवारीत आला. तोवर भाऊ परत गेलेला, मी पुण्यात, तरी दर आठवड्याला कॉल लावून एकत्र बघायचं ठरलेलं.

सुरुवात खरंच चांगली होती, हे मान्य करायला पाहिजे. जंगल, माणूस न खाणारे दोन राक्षस सोंजू आणि मुजिका, आणि एमा पहिल्यांदा शिकार करते तो प्रसंग. सोंजू तिला सांगतो की मारलेल्या प्राण्याच्या छातीत फूल खोचायचं, देवाला नैवेद्य दाखवायची रीत आहे ती. आणि एमाला एकदम कॉनीच्या छातीतलं फूल आठवतं. भाऊ कॉलवर पाच मिनिटं गप्प होता. आम्हाला वाटलं, चला, घोडं मैदानात आलं.

मग शेल्टर आलं. आता मांगा वाचलेल्यांना माहितीये की त्या शेल्टरमध्ये एक माणूस असतो. युगो. तोही कधीकाळी फार्ममधून पळालेला, सगळे सोबती गमावलेला, तेरा वर्षं एकटा जमिनीखाली राहून अर्धवट वेडा झालेला. तो पोरांना हाकलतो, घाबरवतो, आणि हळूहळू त्यांचा बाप होतो. एमाचं पुढं जाऊन काय होऊ शकतं ह्याचा तो जिवंत नमुना आहे, पळालीस खरी पण सगळी मेली तर? आणि मग गोल्डी पाँड, जिथं राक्षस निव्वळ मौज म्हणून पोरांची शिकार करतात, आख्ख्या मांगातला सगळ्यात थरारक भाग, माझ्या मते.

ॲनिमेत शेल्टर रिकामं आहे.

रिकामं! आत जातात, खायला आहे, पुस्तकं आहेत, आंघोळ आहे, पोरं खूश. युगो नाही, गोल्डी पाँड नाही, काही नाही. मला त्या एपिसोडला वाटलं की पुढं आणतील, उशिरा एंट्री असेल. भाऊ म्हणला, "तायडे, मला लक्षण ठीक दिसत नाही." एक-दोन एपिसोडांत सैनिक आले, पोरं पळाली, मग धाडकन काळ पुढं सरकला आणि पाचव्या एपिसोडच्या शेवटी नॉर्मन हजर. जिवंत. मांगात ज्याच्यासाठी एमाला आणि आपल्याला दोन वर्षांच्या हालअपेष्टांतून जावं लागतं तो नॉर्मन इथं रस्त्यात भेटावा तसा भेटला. मला आनंदच झाला नाही हो. ज्या पोरासाठी मी रडले होते तो परत आला आणि मी घड्याळ बघत होते.

साधा हिशोब करा. मांगा १८१ चॅप्टरचा, वीस खंड. पहिल्या सीझननं बारा एपिसोडांत सदतीस चॅप्टर घेतले, म्हणजे एका एपिसोडला तीन. उरले १४४. ते दुसऱ्या सीझनच्या अकरा एपिसोडांत बसवायचे म्हणजे एपिसोडला तेरा. बसणार कसे? नाहीच बसले. बसवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. राक्षसांची राणी, राजघराणं, त्यांच्यातली भांडणं, नॉर्मनचा सूड, सगळं गुल.

आता "मांगाप्रमाणे केलं नाही म्हणून रडतायत" असं म्हणणारे येतीलच, म्हणून आधीच सांगते. माझी तक्रार ती नाहीच. 'फुलमेटल अल्केमिस्ट' ह्या दुसऱ्या ॲनिमेचं २००३ चं व्हर्जन बघा, मांगा तेव्हा अर्धवट होता, त्यांनी स्वतःची वाट धरली आणि एक्कावन्न एपिसोडांत स्वतःची गोष्ट पूर्ण केली, आजही लोक भांडतात की ते भारी का २००९ चं ब्रदरहुड भारी. शिवाय मांगाचा शेवटचा भागही काही सोन्याचा नाही, लेखक शिराई आणि चित्रकार देमिझू ह्या जोडीनं जून २०२० ला संपवला तेव्हा तोही घाईत गुंडाळल्यासारखाच वाटला होता मला. बदला ना, खुशाल बदला. पण बदलून काय दिलं? सगळं सोपं करून दिलं. ज्या गोष्टीत एका यंत्रासाठी रेनं स्वतःचा आत्मा विकला, तिथं आता राक्षस आणि माणूस ह्या आख्ख्या प्रश्नाचं उत्तर चार-दोन संवादांत मिळतं. नॉर्मन म्हणतो सगळ्या राक्षसांना विष घालून संपवायचं, आणि खरंतर त्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे, त्यांनी आपल्या भावंडांना खाल्लंय! मांगात एमा त्याला थांबवायला पोहोचते तेव्हा उशीर झालेला असतो, त्याच्या हाताला रक्त लागलेलं असतं आणि ते धुऊन निघत नाही. इथं गावात विष सोडतो, मग थरथरतो, रडतो, मिठी मारतात, झालं. अरे पहिल्या सीझनमध्ये दोरी किती लांब पाहिजे ह्यावर अख्खी चर्चा व्हायची रे!

आणि शेवट. शेवटाबद्दल काय बोलू. राक्षसांच्या जगात क्रांती, नवं राज्य, माणसांच्या जगात जायची वाट, एमाचा नवा करार, हे सगळं कसं दाखवलंय माहितीये? स्थिर चित्रं. एकामागून एक. लग्नाचा अल्बम चाळतात ना पाहुणे चहा होईपर्यंत, हे हळदीचे, हे सप्तपदीचे, हे जेवणाचे, तसं. मांगात एमा ज्या करारासाठी सगळ्यात मोठी किंमत देते, तिच्या कुटुंबाची आठवणच जाते, तो इथं फोटोत. मी एपिसोड थांबवून बघितलं की माझं नेट अडकलंय का.

शेवटच्या दोन एपिसोडांना तर लेखक म्हणून कुणाचं नावच नाहीये. खुद्द काइयू शिराई ह्या सीझनच्या लिखाणात होते, त्यांचंही नाव तिथं नाही. आत काय घडलं ते मी सांगणार नाही, उगाच कुणावर खापर कशाला. एवढं दिसतंय की त्याच जानेवारीत हे बनवणाऱ्या क्लोव्हरवर्क्स स्टुडिओच्या हातात 'होरिमिया' होतं, 'वंडर एग प्रायॉरिटी' होतं आणि हे होतं, तीन सीरियल एकदम, आणि वंडर एगचा शेवटही जूनपर्यंत लांबला. चित्रं काढणारी माणसं असतात शेवटी, त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. राग आहे तो अकरा एपिसोडांत हे उरकूया असं ज्या कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं त्या मीटिंगवर.

काल पहिला सीझन संपेस्तोवर अडीच वाजले, कारण शेवटचे सहा एपिसोड सलग बघितले, मूर्खासारखे. दरीचा सीन आला आणि भाऊ म्हणला, पुढचा लावू का? आणि दोघंही हसलो.

आईला आम्ही दुसरा सीझन दाखवलाच नाही. तेव्हा फोन आला की ती विचारायची, "त्या बारक्याला नेलं का रे?" मी सुरुवातीला अजून नाही म्हणायचे, मग एप्रिलमध्ये घरी गेले तेव्हा मांगातली गोष्ट तिला तोंडी सांगितली, युगो, गोल्डी पाँड, सगळं, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभं राहून, दोन संध्याकाळी लागल्या. युगो कसा मरतो ते ऐकून तिनं गॅस बारीक केला. फिलला शेवटी नेतात म्हणल्यावर विचारलं, "केवढा झाला होता तोवर?"

सहा म्हणलं.

"दोन वर्षं," आई म्हणाली, आणि कणीक मळायला घेतली.