भंगारातल्या टर्बोचे जेट आणि चाळीस किलोंचा थ्रस्ट

ट्रकचा जुना टर्बोचार्जर, पत्र्याच्या नळकांड्याचा ज्वलनकक्ष आणि घरगुती गॅस सिलिंडर एवढ्या सामग्रीवर जेट इंजिन बनते, त्याचा थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलण्याचा जोर, चाळीस किलो भरतो आणि त्याची चाचणी कोणीही अंगणात घेऊ शकतो, असे सांगणारा मजकूर चित्रफितीसह सध्या मोबाईलवर फिरत आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिले, “मामा, टर्बो मिळालाय. सिलिंडर आईकडून घेतो.” एरवी असल्या मजकुराला मी उत्तर देत बसत नाही, या शेवटच्या वाक्याने ते भाग पाडले.

मुळातले तत्त्व खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. टर्बोत हवा दाबणारा काँप्रेसर आणि गरम वायूवर फिरणारे टर्बाइन एकाच दांड्यावर असतात. त्यांच्यामध्ये ज्वलनकक्ष बसवला की गॅस टर्बाइन तयार होते. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी तर काँप्रेसरचे चाक प्लायवुडचे करून, त्यावर कार्बनचे धागे गुंडाळून छोटे जेट इंजिन चालवून दाखवले. तेव्हा घरी काही होतच नाही, असे माझे म्हणणे नाही.

माझा आक्षेप मुख्यतः मजकुरातल्या ‘काही गडबड झाली तर गॅसची चावी बंद करा, इंजिन लगेच थांबते’ या वाक्याला आहे. १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमधील रग्बी येथे जेट इंजिनाचे एक जनक फ्रँक व्हिटल यांनी आपले जेट इंजिन प्रथमच चालवले, तेव्हा त्यांनी इंधनाची झडप बंद केल्यावरही इंजिनाचा वेग चढतच गेला आणि आजूबाजूची माणसे पळत सुटली. सुरू करण्यापूर्वीच गळून ज्वलनकक्षात साचलेले इंधन पेटले होते. झडपेचा त्याच्याशी संबंधच उरला नव्हता. जे व्हिटल यांच्या हाताबाहेर गेले, ते चावीच्या एका पिळाने आटोक्यात येईल, असे हा मजकूर मुलांना सांगतो.

त्यात सिलिंडर उलटा टांगायचा सल्ला आहे. सरळ सिलिंडरमधून वायू वेगाने काढला की तो गार पडतो आणि दाब घसरतो, हे त्यामागचे कारण बरोबर आहे. परंतु उलट्या सिलिंडरमधून द्रव येतो आणि द्रवाचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट होते. चावी बंद केली तरी तिच्यापासून इंजिनापर्यंतची नळी द्रवाने भरलेलीच असते आणि ती रिकामी होईपर्यंत इंजिनाला खाद्य मिळत राहते. शिवाय टर्बो भंगारातला, म्हणजे त्याची सील झिजलेली. मी बावीस वर्षे डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे चाचणीच्या मंचावर, काढली आहेत. डिझेल तोडूनही टर्बोतून गळणाऱ्या स्वतःच्याच तेलावर पळत सुटलेले इंजिन मी पाहिले आहे. हवेचे तोंड बंद केल्यावर ते थांबले. सहा सेंटिमीटरचे चाक मिनिटाला एक लाख फेरे घेऊ लागले की त्याच्या कडेचा वेग सेकंदाला तीनशे मीटरच्या वर जातो. ते फुटले तर तुकडे चाकाच्या पातळीत, आडवे उडतात आणि चित्रफितीतली मुले नेमकी तिथेच उकिडवी बसली आहेत.

आता चाळीस किलोंचे बघू. एका जागी स्थिर असलेल्या इंजिनाचा थ्रस्ट ढोबळमानाने सेकंदाला बाहेर पडणारे वस्तुमान गुणिले त्याचा वेग एवढा असतो. टर्बोतून सेकंदाला पाव किलो हवा जाते असे उदारपणे धरले आणि वायू साडेसहाशे अंशांवर ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे सहाशे मीटरने बाहेर पडतो असेही धरले, तरी हिशेब दीडशे न्यूटनांवर, म्हणजे पंधरा किलोंवर थांबतो. मग चाळीस आले कुठून? चित्रफितीत सामानाचा डिजिटल काटा वापरला आहे आणि तसे काही काटे हिसक्याचा सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतात. पेट घेताना इंजिनाने धक्का दिला, तोच आकडा पडद्यावर राहिला असावा.

‘ज्वाळा जितकी लांब तितका थ्रस्ट जास्त’ हे मजकुरातले वाक्यही उलटेच आहे. एक किलो केरोसीन पुरते जाळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते आणि अशा इंजिनातून तिच्या कितीतरी पट हवा जाते. ती जादा हवा गरम वायूत मिसळून टर्बाइनला वाचवते. सुरू होतानाची क्षणभराची ज्वाळा सोडली, तर मागे ज्वाळा दिसणे याचा अर्थ ज्वलन कक्षात न आटोपता टर्बाइनच्या पात्यांवर चालू आहे. लढाऊ विमानाच्या आफ्टरबर्नरची ज्वाळा थ्रस्ट वाढवते, हे खरे. पण तिथे टर्बाइनच्या मागे मुद्दाम वेगळे इंधन सोडतात आणि नॉझल, म्हणजे मागचे तोंड, तेही उघडते. कंपन्या हे तंत्र दडवतात, या मजकुरातल्या मुद्द्यावर शब्द खर्च करत नाही.

भाच्याला दिवाळीच्या सुट्टीपुरते वेगळे काम दिले आहे: फक्त स्टँड बांधायचा, त्यावर लोडसेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर, बसवायचा, कप्पीवरून दोरीने ठाऊक असलेली वजने एकेक किलोने चढवायची आणि तशीच उतरवायची. चढतानाचे आणि उतरतानाचे आकडे जुळले नाहीत, तर स्टँड कुठेतरी अडतो आहे. पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला, पाच किलोंना चढताना ४.६ आणि उतरताना ५.३ दिसत होते.