'खोटा काटा' म्हणालात, म्हणून हे उत्तर

नमस्कार.

तुमचा दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू परवा रात्री माझ्या मुलीनं मला वाचून दाखवला. तुमची घरी केलेल्या बिअरची एक अख्खी बॅच वाया गेली, पंधरा-वीस दिवसांची मेहनत गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बिअरच्या पाण्यातले क्षार मोजायला तुम्ही माझ्याकडून नेलेल्या लहान काट्याविषयी एक गोष्ट मी तुम्हाला सांगायला हवी होती आणि सांगितली नाही. ती चूक माझी आहे, ती खाली लिहितो.

पण तुम्ही लिहिलंत, "सराफ्यातल्या या दुकानदारानं मला खोटा काटा विकला, दुकान बंद करायच्या घाईत नीट दाखवलाही नाही." हे वाक्य मला दोन दिवस झोपू देत नाहीये. आमच्या धंद्यात खोटा काटा ही शिवी आहे. वडिलांनी इंदूरच्या सराफ्यात हे दुकान पितळी तागड्यांवर सुरू केलं. तोळे-मासे जाऊन ग्रॅम आले, तेव्हा गल्लीतले सराफ जुनी वजनं आमच्याकडे बदलून घेत. काट्याला गुंजभर जरी पासंग, म्हणजे दोन पारड्यांत फरक, निघाला तरी वडील तो गिऱ्हाइकाला परत देत नसत. आजही माझं घर चालतं ते सराफांच्या काट्यांच्या दुरुस्तीवर आणि दरवर्षी त्यांना सरकारी शिक्का मारून आणण्यावर. काल त्यांतल्याच एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलानं चार माणसांसमोर मोबाइल पुढे केला आणि विचारलं, "काका, हे काय?" म्हणून एवढं लांब लिहितोय.

आधी घाईचं. तुम्ही डिसेंबरात, वडिलांचा स्वयंपाकघरातला काटा दुरुस्तीला घेऊन आलात तेव्हा आठला दहा कमी होते. आमचं दुकान आठला बंद होतं. सराफा कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे, इथलेच आहात. दिवसा दागिने, रात्री खाणं. आमच्या ओट्यावर आठनंतर एक गराडूवाला (तळलेला कंद विकणारा) बसतो. तो कढई आणि शेगडी घेऊन खाली उभा होता, त्याला मी हातानं थांब म्हणालो. तुम्ही गेलात तेव्हा आठ पस्तीस झाले होते. मधली दहा मिनिटं तुम्ही फोनवर होतात आणि मी १०० ग्रॅमचं वजन चिमट्यात धरून उभा होतो. फोन असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण "घाईत" हा शब्द तुम्ही लिहायला नको होता. त्या पोराचा धंदा त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुरू झाला.

आणि गप्पाही आपण किती मारल्या! तुम्ही सांगितलंत की अमेरिकेत घरच्यापुरती बिअर करायला मुभा देणारा कायदा १९७८ साली झाला. मी म्हणालो, त्याच साली इंदुरात नर्मदेचं पाणी आलं. मग पाण्यावरच बोललो. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, नर्मदेच्या पाण्यात शिजते, हे आमच्या आईचं गणित. तुमचं त्याहून बारीक. तुम्ही आरओचं पाणी घेता, त्यात काहीच क्षार उरत नाहीत, म्हणून जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड मोजून परत घालता. जिप्सममधल्या सल्फेटनं कडवटपणा धारदार होतो, क्लोराइडनं माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, गोडी भरून येते. मी होळकर सायन्स कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालोय, मला हे ऐकायला फार आवडलं होतं. घाई असलेला माणूस असा बसत नाही.

आता काटा. तुम्ही लिहिलंय की काट्यावर जिप्सम ०.८० ग्रॅम दिसलं, आणि तेच मित्राच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर १.३१ भरलं. मी हिशेब करून पाहिला. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण ५६ टक्के सल्फेट असतं. तुमची बॅच एक गॅलनची, म्हणजे ३.८ लिटर. ०.८० ग्रॅमला सल्फेट लिटरमागे ११७ मिलिग्रॅम व्हायला हवं होतं, ते १९२ झालं. एवढ्या फरकानं चव बदलणारच, त्यात तुमचं काही चुकीचं नाही. पण काटा खोटा असता तर १०० ग्रॅमच्या वजनालाही खोटंच बोलला असता. तुम्हीच पुढच्या ओळीत लिहिलंय की १०० ग्रॅमला तो ९९.९९ दाखवतो. मग मधलं अर्धा ग्रॅम गेलं कुठे?

त्याच मॉडेलचा नवा डबा काल फोडला आणि पंखा बंद करून बसलो. काट्यावर बटर पेपरचा तुकडा ठेवला, ०.६२ ग्रॅम भरला. टेअर, म्हणजे आकडा शून्य करायचं बटण, दाबलं, ०.०० झालं. मग सुईच्या टोकानं जिप्समचे कण टाकत गेलो, चिमटीतून सोडतो तसे, अगदी हळू. आकडा ०.०० वरच. कागदावर पांढरा ढीग दिसतोय आणि काटा म्हणतोय काहीच नाही. मग कागद उचलला. उणे ०.६२ दिसायला हवं होतं, दिसलं उणे ०.९९. म्हणजे ०.३७ ग्रॅम काट्यानं गिळलं होतं.

याचं कारण असं. या लहान काट्यांमध्ये शून्य धरून ठेवायची सोय असते. वाऱ्यानं, उष्णतेनं आकडा शून्याच्या आसपास किंचित हलला, तर काटा त्यालाच शून्य समजून घेतो, म्हणजे गिऱ्हाइकाला आकडा नाचताना दिसत नाही. पण कुणी कण-कण टाकत गेलं तर ते कणही तो वाऱ्यासारखेच पुसून टाकतो. एकदम चमचाभर टाकलं की बरोबर दाखवतो. ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. तुम्ही "क्षार मोजायचेत" म्हणालात आणि मी वजन ठेवून दाखवलं. वजन एकदम ठेवतात, त्यामुळे हा दोष त्यात दिसतच नाही. सोनार कण टाकत बसत नाही, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही. इथे मी कमी पडलो.

उपाय सोपा आहे. कागद ठेवून टेअर करा आणि मग त्यावर एक नाणं ठेवा. तुमच्याकडे अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं असेल, ते ५ ग्रॅमचं असतं. आकडा ५.०० च्या आसपास गेला की काटा शून्यापाशी राहत नाही आणि बारीक कणही मोजतो. तिथून आकडा ०.८० नं वाढेपर्यंत टाका. मी इथे आपल्या पाच रुपयांच्या सोनेरी नाण्यावर सहा वेळा करून पाहिलं, नाण्याशिवाय केलं की चुकतो, नाणं ठेवलं की ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबर येतो. नाहीतर पूड आधी बाजूला अंदाजे काढा आणि कागदासकट एकदम ठेवा.

दुसरी तक्रार, "काही न टाकता आकडा आपोआप वर सरकतो." तुम्हीच लिहिलंय की ते कॅल्शियम क्लोराइड होतं आणि शेजारी मोठं भांडं उकळत होतं. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, बरणी उघडी राहिली तर ओलं होऊन गोळा होतं. वाफेच्या शेजारी ते वजनात वाढणारच, आणि काट्याचा लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारा भाग, तोही तापला की हलतो. हे वजन चुलीपासून लांब, आदल्या रात्री करून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवलं तर हा प्रश्न येणार नाही. यात काट्याला दोष देणं मला पटत नाही, तरीही सांगून ठेवायला हवं होतं हे मान्य.

किमतीचं एकाच वाक्यात सांगतो. ऑनलाइन साडेचारशेला मिळतो, मी साडेसातशे घेतले, कारण मी प्रत्येक काटा २०, ५० आणि १०० ग्रॅमच्या वजनांवर तपासून देतो आणि वर्षभर दुरुस्तीचे पैसे घेत नाही.

त्या दिवशी मी तुम्हाला एकोणीसशे रुपयांचा काटा दाखवला होता, हेही आठवत असेल. त्याला काचेचं झाकण होतं, सोबत १०० ग्रॅमचं एम-१ वर्गाचं वजन होतं, ज्यात कायद्यानं फार तर ५ मिलिग्रॅमची चूक चालते. त्यात हे शून्य धरणं बंदही करता येतं. तुम्ही म्हणालात, "काका, एवढा कशाला, स्वस्तातला द्या." आणि मला वाटतं तेव्हा तुम्ही बरोबर होतात. तुम्ही पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर करत असता, तर ४ ग्रॅम जिप्सममध्ये ०.१ ग्रॅमची चूक झाली तरी सल्फेट लिटरमागे तीनच मिलिग्रॅमनं हलतं, जिभेला कळत नाही. एक गॅलनला तीच चूक पंधरा मिलिग्रॅमवर जाते. म्हणून तुम्हाला ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवाच होता, आणि तो तुम्हाला मिळाला. २०० ग्रॅमची क्षमता आहे, तेवढी या कामाला पुष्कळ झाली, फक्त त्यावर जड स्टीलची वाटी ठेवू नका. माल्ट तोलायला वेगळा किलोचा काटा लागतो, तो यात बसवू नका, हे मी त्या दिवशी सांगितलं होतं.

आम्हीही सुधारतोय. लहान काट्यासोबत मराठी-हिंदीत एक चिठ्ठी द्यायचं चाललंय, मुलगी मजकूर लिहितेय. संध्याकाळच्या वेळी येणाऱ्यांसाठीही काहीतरी करावं लागेल.

तुमचे वडील इथेच आहेत. त्यांचा स्वयंपाकघरातला काटा दुरुस्त होऊन महिना झाला, न्यायला कुणी आलं नाही. त्याच पिशवीत मी तुमच्यासाठी १०० ग्रॅमचं एक वजन ठेवलंय, त्याचे पैसे नाहीत. तुम्हाला काटाच नको असेल तर कुणाच्या हाती पाठवून द्या, साडेसातशे परत देतो, बिल नसलं तरी चालेल.

तारे दोनच ठेवायचे तर ठेवा. मला त्या "खोटा" शब्दाचं वाईट वाटतं. नाणं ठेवून एकदा मोजून बघा, आणि बरोबर आलं तर तेवढा एक शब्द काढा. दुकानात तुम्ही मला काका म्हणाला होतात, म्हणून हे मागतोय.