फोडणी तेवढी ताजी

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप गटावर आत्याने एक संदेश पुढे ढकलला: फ्रीजमधले अन्न म्हणजे विष. पुराव्यादाखल सोबत गीतेच्या सतराव्या अध्यायातला दहावा श्लोक होता, ज्यात शिजवून प्रहर उलटलेले अन्न तामस लोकांना प्रिय असते असे म्हटले आहे. पुण्याच्या वहिनीने लगेच लिहिले की आमच्याकडे दोन्ही वेळा ताजेच असते, आणि कोणीतरी मला चिमटा काढला, "तुम्ही तिकडे जर्मनीत महिना-महिना जुने खाता ना?" मी गप्प राहिलो, कारण नेमके त्याच वेळी ऑक्टोबरात गोठवलेले मसुराचे सूप मी गॅसवर चढवले होते.

श्टुटगार्टला नोव्हेंबरात पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे स्वयंपाकाचा खरा दिवस शनिवार. दुकानात 'झुपेनग्र्यून' नावाची जुडी मिळते. गाजरे, सेलरीच्या कंदाची फोड, कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ शोभेल असा लीक आणि थोडी पार्सली, असा सूपचा सारा भाजीपाला तीत एकत्र बांधलेला असतो. पाच लिटरच्या पातेल्यात ही भाजी आणि पाऊण किलो अख्खे मसूर शिजले की अर्ध्या-अर्ध्या लिटरचे आठ डबे भरतात आणि उरते ते त्या रात्रीचे जेवण. डबे काठोकाठ भरायचे नाहीत, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. हे मी पुस्तकातून नव्हे, तर जॅमच्या बरणीतून शिकलो. गळ्यापर्यंत भरलेली ती बरणी रात्रीत तडकली, आणि मसुरात काचेची कपची नसेलच याची खात्री देता येईना म्हणून सगळे सूप फेकून द्यावे लागले.

आता ताजेपणाच्या वादाकडे येतो. आपण शिळे ठरवतो ते घड्याळावरून, म्हणजे अन्न शिजल्याला किती वेळ झाला यावरून. जिवाणूंना मात्र त्या अन्नाचे तापमान कळते. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा पट्टा. उणे 18 अंशांवर ते मरत नाहीत, पण त्यांची वाढ थांबते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली सुप्त रूपे, उकळीतूनही वाचतात आणि मोठ्या पातेल्यातले वरण किंवा सूप हळूहळू कोमट होऊ लागले की त्यांचे फावते. म्हणून गोठवण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व झटपट निववण्याला आहे. मी पातेले सिंकमधल्या गार पाण्यात ठेवतो, ढवळत राहतो, आणि तासाभरात डबे फ्रीजरमध्ये जातात.

या मापाने पाहिले तर ज्या घरांत आपण ताज्याचा अभिमान मिरवतो, तिथे काय चालते? स्वयंपाकाच्या मावशी सकाळी साडेआठला आमटी करून जातात, ती दुपारपर्यंत ओट्यावर झाकलेली असते, जेवण झाल्यावर तिथेच राहते, आणि रात्री एक उकळी काढून पानात येते. हिला कोणी शिळी म्हणत नाही. माझ्या बालपणी आमच्याकडेही हेच होते आणि आम्ही ती चवीने खाल्ली. कटाची आमटी तर दुसऱ्या दिवशी मुरल्यावरच खरी लागते, असे आत्या स्वतः सांगते की नाही, तिलाच विचारावे. मग तासाभरात गोठवलेले माझे सूप त्या आमटीपेक्षा जास्त शिळे कसे, हे मला अजून उमगलेले नाही.

तरीही परदेशी बसून घरच्यांना फ्रीजरचे धडे देणाऱ्यांत मला जायचे नाही. जर्मनीत गेली काही वर्षे वीज जाण्याचा काळ ग्राहकामागे सरासरी वर्षाला पंधरा मिनिटांहूनही कमी भरतो. याउलट 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने रोजचे दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले आहे. ज्या घरातला बर्फ दर दुपारी वितळत होता, त्या घराने फ्रीजरवर विश्वास टाकला नाही, तर तो अडाणीपणा नव्हे, अनुभव आहे. इथेही घरोघरी फ्रीजर येण्यापूर्वी, 1950च्या दशकात, खेड्यांमधून सामुदायिक गोठवणघरे उभी राहिली होती आणि प्रत्येक कुटुंब त्यात आपला कप्पा भाड्याने घेत असे. ही सवय कोणी रक्तातून आणलेली नाही. आधी वीज आली, मग सोय, मग सवय.

चवीचा आक्षेप मात्र मला मान्य आहे, निदान अर्धा. गोठवलेला बटाटा रवाळ होतो, दूध किंवा साय घातलेले सूप फाटते, आणि शेवया घालून गोठवल्या तर त्यांचा लगदा होतो. टोमॅटोचे सार उत्तम टिकते, पण नारळाचे दूध घातलेले नाही. पण आपल्या स्वयंपाकात या अडचणीवरचा उपाय आधीपासूनच आहे, आणि तो जर्मन शेजारणीकडे नाही. आपण डाळ शिजवतो एकदा आणि फोडणी देतो वेगळी. मी सूप मीठ-हळद घालून, बिनफोडणीचे गोठवतो. बुधवारी कामावरून आल्यावर डबा रिकामा करून त्याला खळखळून उकळी आणतो आणि मग तुपात जिरे, लसूण, सुकी मिरची तडतडवून वर ओततो. शेजारीण याच जागी शेवटी चमचाभर व्हिनेगर घालते. मी लिंबू पिळतो. घरभर जो वास सुटतो, तो त्या क्षणीचा असतो, महिन्यापूर्वीचा नसतो.

वहिनीला मी गटावर काही न लिहिता वेगळा निरोप पाठवला, की फ्रीजर राहू दे, फक्त आमटीचे पातेले परातीतल्या गार पाण्यात ठेवून निववायचे आणि दुपारच्या जेवणाची वाट न पाहता फ्रीजमध्ये सरकवायचे. तिचे उत्तर दोन मिनिटांत आले: "आणि गुरुवारी पाणी नसते, तेव्हा?" त्यावर मला अजून काही सुचलेले नाही.